खिडकी आधी, घर 19 वर्षांनी: एका केसची पूर्ण गोष्ट

1948 चा फेब्रुवारी, लंडन. आर्चवे हॉस्पिटलच्या गजबजलेल्या वॉर्डात डेव्हिड तास्मा नावाचा चाळिशीचा माणूस शेवटचे दिवस मोजत पडला होता. मूळचा वॉर्सॉचा, पोलिश ज्यू, वेटरचं काम करून पोट भरणारा, आणि कॅन्सर एवढा पुढे गेलेला की ऑपरेशनचा प्रश्नच उरला नव्हता. उशाशी बसायला रक्ताचं कोणी नाही. आणि त्याला आतून एक गोष्ट खात होती, की आपण जगलो काय नि नाही काय, कुणाला काही फरक पडलेला नाही, आपल्यामागे आपली काही म्हणजे काही खूण राहणार नाही.

ही केस मला नीट, सगळी लिहून काढायची होती. कारण "दुःखामुळेच आयुष्याला अर्थ येतो" हे वाक्य आपण फार सहज बोलून जातो, आणि ते मी एका आजारी बाईच्या तोंडावर म्हटलेलं ऐकलंय, ती बाई म्हणजे माझी मावशी, आणि तिचा तेव्हाचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तिचं पुढे सांगतेच. तास्माच्या केसमध्ये दुःख आहे, अर्थसुद्धा आहे, पण एकापासून दुसऱ्यापर्यंतचा रस्ता कुठून कसा गेला ते इथे पावलापावलाने दिसतं, आणि तो रस्ता आपण समजतो तसा सरळ नाहीये.

दुसरी व्यक्ती

तास्माला भेटायला एक जण नेमाने यायची, सिसिली सॉन्डर्स. वय 29. 1918 चा जन्म, घर खाऊनपिऊन सुखी पण आईवडिलांचं कधी पटलं नाही, शेवटी ते वेगळे झाले. ही ऑक्सफर्डला शिकत होती, महायुद्ध सुरू झालं तशी शिक्षण अर्ध्यावर टाकून नर्सिंगच्या ट्रेनिंगला गेली. ते काम तिला मनापासून आवडलं होतं, आणि नेमकं तेच हातातून गेलं, कारण पाठीचं दुखणं. वाकून पेशंट उचलायचे, तासन् तास उभं राहायचं हे तिच्या पाठीला झेपेना, मग परत अभ्यास करून ती हॉस्पिटलातली समाजसेविका झाली, तिकडे त्या काळी अल्मोनर म्हणायचे. पेशंटच्या घरचं काय, पैशाचं काय, डिस्चार्जनंतर बघणार कोण, असली कामं.

1947 मध्ये तिच्याकडे आलेल्या पहिल्याच काही पेशंटमध्ये तास्मा होता. त्याला घरी सोडलं तरी हिने संपर्क ठेवला, कारण तो एकटा आहे आणि आज ना उद्या कोसळणार हे तिला दिसत होतं. तसंच झालं. 1948 च्या सुरुवातीला त्याला आर्चवेला भरती केलं, आणि पुढचे दोनेक महिने ती त्याला भेटत राहिली, वीस-पंचवीस वेळा तरी. ड्युटीचा भाग म्हणून सुरू झालेलं हे प्रेमापर्यंत गेलं, हे तिने स्वतः नंतर कधी लपवलं नाही.

ते बोलायचे काय? मुख्य म्हणजे हेच, की असा कलकलाट असलेला वॉर्ड मरणाऱ्या माणसासाठी नाही. तिथे बरं होऊ शकणाऱ्यांसाठी सगळे धावतात, आणि ज्याचं काही होणार नाही त्याच्या पलंगावरून राऊंड पुढे सरकतो. तास्माला दुखणं कमी करून हवं होतंच, पण त्याहून त्याला आपण कोण होतो याची जुळवाजुळव करायला वेळ आणि शांतता हवी होती. त्या गप्पांतून एक कल्पना हळूहळू आकार घ्यायला लागली, असल्या माणसांसाठी एक वेगळं घर असावं.

एकदा तो तिला म्हणाला, मला धीर येईल असं काहीतरी सांग. तिला पाठ असलेली स्तोत्रं तिने म्हटली, त्याच्याही धर्मग्रंथात असलेली. तो म्हणाला अजून. मग तिने विचारलं की वाचून दाखवू का, तर तो म्हणाला नको, मला फक्त तुझ्या मनात आणि हृदयात जे आहे तेच हवंय. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. त्याने तयार माल नाकारला. पुस्तकातलं सांत्वन कितीही थोर असलं तरी ते सगळ्यांसाठी असतं, त्याला समोरच्या बाईचं स्वतःचं हवं होतं, भले ते तोडकंमोडकं असेल.

आणि मग तो म्हणाला की मी तुझ्यासाठी थोडे पैसे ठेवतोय. 500 पौंड. "मी तुझ्या घरातली एक खिडकी होईन."

कोणतं घर? घर नव्हतंच. जागा नाही, परवानगी नाही, एक वीट नाही, आणि जिला तो पैसे देतोय ती डॉक्टरसुद्धा नाही, नर्सिंग सुटलेली एक समाजसेविका आहे. 25 फेब्रुवारी 1948 ला तो गेला. जाण्याआधी त्याने वॉर्डातल्या नर्सला सांगितलं होतं की मी माझ्या पूर्वजांच्या देवाशी समेट केलाय.

इथे मला जरा थांबायचंय

बदललं काय, हे बघा. कॅन्सर तोच. पलंग तोच, वॉर्डातला आवाज तोच, उरलेले दिवस तर उलट कमीच झालेले. तरी जो माणूस म्हणत होता की माझ्यामागे काही राहणार नाही, तोच माणूस मी खिडकी होईन म्हणतो. हे आजाराने केलं का? मला अजिबात तसं वाटत नाही. आजाराने त्याच्याकडून सगळं काढून घेतलं होतं, काम, ताकद, एकांत, सगळं.

हॉस्पिटलात पडलेला माणूस चोवीस तास घेणारा असतो. औषध त्याला दिलं जातं, इंजेक्शन टोचलं जातं, कूस बदलली जाते, अंग पुसलं जातं, सहानुभूतीसुद्धा दिलीच जाते. त्याच्याकडून कोणी काही घेत नाही. त्याच्याकडे देण्यासारखं काही उरलं असेल हे कुणाच्या डोक्यातच येत नाही, आणि हळूहळू त्याच्याही डोक्यातून जातं. तास्माच्या बाबतीत ती दिशा उलटी फिरली. त्याच्याकडे देण्यासारखं काहीतरी निघालं, आणि ते घेणारं माणूस समोर बसलं होतं, आणि त्या माणसाने "अहो कशाला, तुम्ही आराम करा" असं म्हणून ते परत केलं नाही. घेतलं. मला तर वाटतं या केसमधला निम्मा अर्थ त्या घेण्यात आहे. ती हसून विषय बदलली असती तर? तो तसाच गेला असता, खूण न ठेवता, आणि आपण म्हणालो असतो बिचारा.

नंतरची 19 वर्षं

त्याच्या मृत्यूनंतर ती संध्याकाळी सेंट ल्यूक्स नावाच्या संस्थेत मदतनीस म्हणून जायला लागली, तिथे मरणासन्न पेशंट ठेवायचे. आणि तिथे तिने एक साधी गोष्ट पाहिली. बाकी ठिकाणी मॉर्फिन द्यायची पद्धत अशी की पेशंट दुखण्याने कळवळला, त्याने मागितलं, की मग द्यायचं, आणि तेही हात आखडून, कारण सवय लागेल ही भीती. सेंट ल्यूक्सला मात्र ठरावीक तासांनी तोंडावाटे डोस देत होते, दुखणं परत डोकं वर काढायच्या आधीच. आणि ती माणसं गुंगीत पडलेली नसायची, शुद्धीवर असायची, बोलायची.

तिला हे सगळ्या जगाला सांगायचं होतं, पण तिचं ऐकणार कोण. ती ज्यांच्याकडे काम करत होती ते सर्जन नॉर्मन बॅरेट यांनी तिला स्पष्ट सांगितलं की जा आणि डॉक्टर हो, मरणाऱ्यांना सोडून जातात ते डॉक्टरच, आणि तू डॉक्टर झाली नाहीस तर तुझं कोणी ऐकणार नाही. तेव्हा ती तिशी ओलांडलेली. 33 व्या वर्षी, दुखऱ्या पाठीसकट, ती मेडिकलला बसली. 1957 ला डॉक्टर झाली. 1958 पासून सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये, म्हणजे मरणासन्न माणसांची काळजी घेणाऱ्या घरात, काम आणि रिसर्च, हजारावर पेशंटच्या नोंदी, अनेकांचं बोलणं टेपरेकॉर्डरवर घेतलेलं.

आता मावशी.

तिचा कॅन्सर हाडांत उतरला होता. ज्या हॉस्पिटलात होती तिथे औषध मागितल्याशिवाय मिळत नव्हतं आणि मागितलं की "अजून वेळ व्हायचाय" असं उत्तर. समोरच्या भिंतीवर एक घड्याळ होतं, पांढरी तबकडी, सेकंदकाटा जरासा अडकत पुढे जाणारा. मावशी दिवसभर त्या घड्याळाकडे बघायची. माझ्याशी बोलताना पण बघायची. मी काहीही सांगितलं, घरातलं, ऑफिसातलं, तरी मध्येच विचारायची, "किती वाजले गं?", घड्याळ समोर असून. एका भेटीला आलेल्या ओळखीच्या बाईंनी तिचा हात हातात घेऊन सांगितलं की या दुःखातून तुम्हाला खूप काही शिकायला मिळेल बघा, दुःखच माणसाला घडवतं. मावशीने मान भिंतीकडे वळवली. त्या गेल्यावर मला म्हणाली, "मला शिकायचं नाहीये गं. मला झोपायचंय."

आठवड्याभराने दुसऱ्या डॉक्टर आल्या, त्यांनी डोसचं वेळापत्रक बदललं, ठरलेल्या वेळी द्यायचं, न मागता. दोन-तीन दिवसांत फरक पडला. मी गेले तर मावशी उशीला टेकून बसलेली, आणि आल्या आल्या घड्याळाकडे नाही, माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या शर्टाकडे. वरून तिसरं बटण धाग्यावर लोंबत होतं, माझं लक्षसुद्धा नव्हतं. मावशीने आयुष्यभर शिवणकाम केलेलं. "असं घालून फिरतेस? सुई-दोरा आण." नर्सकडून सुई मिळाली, दोरा शर्टाच्या रंगाचा नव्हता, पण चालेल म्हणाली. दोरा ओवायला मला लावला कारण बोटं थरथरत होती, बाकी सगळं तिने केलं. चार भोकांतून उलटसुलट टाके, मग बटणाच्या बुडाशी दोऱ्याचे दोन-तीन वेढे, म्हणजे बटणाला मान मिळते, नाहीतर काजात नीट बसत नाही, हे मला समजावून सांगत. दोरा दातांनी तोडायला गेली आणि मग हसली, कारण तोंड आलेलं होतं. वीस मिनिटं लागली असतील. त्या वीस मिनिटांत तिने एकदाही वेळ विचारली नाही.

म्हणून सॉन्डर्सने मॉर्फिनच्या वेळापत्रकापासून सुरुवात केली हे मला एवढं पटतं. मरणाऱ्या माणसाच्या आयुष्याचा अर्थ वगैरे नंतर, आधी त्याचं घड्याळ सोडवा. शरीराचं दुखणं जेव्हा खरंच जोरात असतं तेव्हा ते काही शिकवत नाही, घडवत नाही, माणसाला आक्रसून आक्रसून पुढच्या डोसएवढं करून टाकतं. पुढे 1986 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनांसाठी जी मार्गदर्शक पद्धत छापली त्यातही हेच आलं, शक्य तिथे तोंडावाटे द्या आणि घड्याळाप्रमाणे द्या, मागण्याची वाट बघू नका. त्यानंतरही मावशीला वाट बघायला लागली, याचा राग मला अजून येतो.

सॉन्डर्सच्या वाट्याला मधल्या काळात आणखी आलं. 1960 मध्ये सेंट जोसेफ्समध्ये अँटोनी मिख्निएविच नावाच्या पेशंटवर तिचा जीव जडला, तोही पोलिश, आणि तोही गेला. मग वर्षभरात वडील गेले, जवळची मैत्रीण गेली. ही तिन्ही दुःखं आपल्यात एकमेकांत मिसळून गेली, कुठलं कुणासाठी ते वेगळं करता येईना, असं तिनेच सांगितलंय. म्हणजे ज्या बाईने मरण आणि शोक हाच आयुष्याचा अभ्यास केला तिलाही स्वतःच्या शोकातून सरळ चालत बाहेर पडता आलं नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण अशा गोष्टी सांगताना मधली ही वर्षं गाळायची आपल्याला सवय आहे, दुःख झालं, मग थोर काम झालं, टाळ्या. मधली वर्षं चिखलाची असतात.

1964 च्या सुमारास तिने एका बाईंना विचारलं की तुमच्या दुखण्याबद्दल सांगा. त्या म्हणाल्या की सुरुवात पाठीत झाली, पण आता सगळ्या मलाच काहीतरी झालंय असं वाटतं. मग एकेक सांगत गेल्या. नवरा आणि मुलगा फार करतात पण त्यांना कामावर खाडे करायला लागतात, पैसे बुडतात. गोळी-इंजेक्शनसाठी रडू यायचं, आणि रडू नये हेही कळायचं. सगळं आपल्याविरुद्ध आहे, कुणाला काही समजत नाही असं वाटायचं. आणि शेवटी म्हणाल्या की आता पुन्हा सुरक्षित वाटायला लागलंय, ते किती छान आहे. यातून सॉन्डर्सने समग्र वेदना ही कल्पना मांडली, म्हणजे शरीराची, मनाची, नात्यांची-पैशांची आणि श्रद्धेची किंवा अर्थाची अशी चारही वेदना एकाच माणसात एकमेकींत गुंतलेल्या असतात, एक सोडवायची तर बाकीच्यांना हात घालावा लागतो. अर्थ हरवणं हीसुद्धा वेदना आहे आणि तिच्यावरही उपचार करायचे असतात, हे एका डॉक्टरने तेव्हा म्हणणं मोठं होतं.

1967 मध्ये दक्षिण लंडनमध्ये सिडनहॅमला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. पेशंटची काळजी, रिसर्च आणि शिकवणं हे तिन्ही एका छताखाली, आणि जगात पुढे जी आधुनिक हॉस्पिसची चळवळ पसरली ती तिथून. त्या इमारतीत तास्माच्या नावाची खिडकी आहे. सॉन्डर्स म्हणायची की त्या खिडकीभोवती घर बांधायला मला 19 वर्षं लागली.

अर्थ नक्की कुणाला मिळाला

सोपं उत्तर असं की तास्माच्या दुःखाला अर्थ आला कारण त्यातून एवढं मोठं काम उभं राहिलं. मला हे उत्तर चुकीचं वाटतं. तास्माने ते काम पाहिलंच नाही. 1967 त्याच्यासाठी कधी उगवलं नाही. समजा सॉन्डर्स 1950 मध्ये अपघातात गेली असती, किंवा पैसे उभे राहिले नसते, तर मग त्या फेब्रुवारीतलं त्याचं खिडकीचं बोलणं खोटं ठरलं असतं का? नाही ना. त्याला जे मिळालं ते तेव्हाच, त्या पलंगावर, निकाल लागायच्या आधी मिळालं. निकालावर अर्थ टांगायचा म्हटलं तर ज्यांच्या दुःखातून काहीच उभं राहिलं नाही अशा कोट्यवधी माणसांना आपण काय सांगणार, तुमचं वाया गेलं?

त्याच सुमाराला व्हिएन्नामध्ये व्हिक्टर फ्रँकल याच प्रश्नाशी झुंजत होते. 1905 चा जन्म, मनोविकारतज्ज्ञ. 1942 मध्ये बायको आणि आईवडिलांसकट त्यांना नाझींनी थेरेझिएनश्टाटच्या छळछावणीत नेलं, तिथे वडील गेले, आईला आउश्वित्झमध्ये मारलं, बायको बर्गन-बेल्झनमध्ये गेली, भाऊही गेला. एप्रिल 1945 मध्ये ते सुटले तेव्हा घरी परतण्यासारखं घर उरलं नव्हतं. अर्थाकडे जायचे त्यांनी तीन रस्ते सांगितले. काहीतरी निर्माण करणं किंवा करून दाखवणं, कुणावर प्रेम करणं किंवा काही उत्कटपणे अनुभवणं, आणि दुःख टाळताच येत नसेल तर त्याला आपण कसं सामोरं जातो ते. लोक तिसरा रस्ता तेवढा पाठ करतात आणि त्यातली अट विसरतात. अट ही की दुःख टाळता येण्यासारखं नसेल तर. टाळता येत असेल तर आधी त्याचं कारण दूर करा, उगाच सोसण्यात काही शौर्य नाही, असं फ्रँकलनी ठामपणे म्हटलंय. मावशीचं घड्याळ टाळता येण्यासारखं होतं. कॅन्सर नव्हता. या दोन गोष्टी एकाच "दुःख" शब्दात कोंबल्या की मग तिच्या हाताला धरून कोणीही काहीही बोलू शकतं.

तास्माच्या केसमध्ये मला तिन्ही रस्ते दिसतात, आणि गंमत म्हणजे तिसरा सगळ्यात कमी. त्याने दिलं, आणि त्याच्यावर कोणीतरी प्रेम केलं, त्याने कुणावर तरी केलं. सामोरं जाणं हे बहुतेक या दोघांच्या आधाराने झालं असावं, एकट्याच्या मनोबलाने नाही.

आता एक आक्षेप, जो मला स्वतःला छळतो. आपण ही केस ऐकतोय कारण ती जुळली. त्याच वॉर्डात त्याच महिन्यात असे कितीतरी असतील ज्यांच्या उशाशी कोणी आलं नाही, आणि ते गेले. त्यांची केस कोण लिहिणार? हे खरं आहे आणि याला माझ्याकडे उत्तर नाही. संशोधनही काही फार गोड चित्र दाखवत नाही. अमेरिकेत डेव्हिस, वॉर्टमन, लेहमन आणि सिल्व्हर यांनी 2000 मध्ये दोन गटांबद्दल लिहिलं, एक म्हणजे ज्यांचं तान्हं बाळ झोपेत अचानक गेलं असे पालक, आणि दुसरे ज्यांचा जोडीदार किंवा मूल रस्त्यावरच्या अपघातात गेलं असे. दोन्ही गटांत निम्म्याहून कमी लोकांना त्या मृत्यूत काही अर्थ सापडला होता, वर्ष उलटून गेल्यावरसुद्धा. आणि बरेच जण असे होते की त्यांनी अर्थ शोधलाच नाही, आणि तरी ते बऱ्यापैकी सावरले होते. म्हणजे ज्याला अर्थ सापडला नाही तो कमी पडला असं म्हणायला काही आधार नाही. शोकात असलेल्या माणसावर अर्थ शोधायची जबाबदारी टाकणं म्हणजे त्याला अजून एक परीक्षा देणं, ज्यात तो नापास होऊ शकतो.

आघातानंतर माणसात चांगले बदल होतात यावर टेडेस्की आणि कॅलहून या दोन मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलं, 1996 मध्ये त्यांनी 21 विधानांची प्रश्नावली छापली. पण त्यांचंही म्हणणं हेच की वाढ आघातातून येत नाही, आघाताशी केलेल्या झगड्यातून येते, आणि वाढ झाली म्हणून वेदना जात नाही, दोन्ही बरोबर राहतात. हा फरक बारीक वाटतो, पण पलंगावरच्या माणसासाठी तो फार मोठा आहे. एकात आपण दुःखाचे आभार मानतो, दुसऱ्यात त्या माणसाला मान देतो.

आणखी एक काम सांगायलाच हवं, कारण ते तास्माच्या खिडकीच्या अगदी जवळचं आहे. कॅनडातले हार्वी चोचिनोव्ह यांनी डिग्निटी थेरपी नावाची पद्धत काढली. मरणासन्न माणसाला विचारायचं की तुमच्या आयुष्यातलं काय लक्षात राहावं असं वाटतं, कशाचा अभिमान आहे, घरच्यांना काय सांगायचं राहिलंय, ते रेकॉर्ड करून टाइप करायचं, त्याला वाचून दाखवायचं, सुधारायचं, आणि तो कागद त्याने ज्यांना द्यायचा त्यांना द्यायचा. 2011 मध्ये तीन देशांतल्या पेशंटवर केलेली मोठी चाचणी छापून आली. त्यात मुख्य मोजमापांवर, म्हणजे त्रास-नैराश्य वगैरेंवर, बाकीच्या गटांपेक्षा ठळक फरक दिसला नाही. पण पेशंट स्वतः मात्र म्हणत होते की याचा आम्हाला उपयोग झाला, आमच्या घरच्यांना होईल. मला यात विरोधाभास वाटत नाही. मावशीचं बटण लावून झाल्यावर कोणी तिला प्रश्नावली दिली असती तर आकडे फारसे हलले नसते. तिला अजून जगायचं होतं आणि ते होणार नव्हतं, याचं दुःख बटणाने कसं जाईल? पण ती वीस मिनिटं होती. ती खरी होती.

सॉन्डर्स 14 जुलै 2005 ला गेली, 87 वर्षांची, कॅन्सरनेच, सेंट ख्रिस्तोफर्समध्येच. दुःखातून अर्थ काढलेल्या माणसांमध्ये तिचं नाव घ्यायचं तर हेही सांगायला हवं की तिने उभं आयुष्य दुःख कमी करण्यात घालवलं. त्याची पूजा तिने कधी केली नाही. तास्माच्या मरणाने तिला जे दिलं त्याचं तिने काय केलं, तर पुढच्या माणसाला तसं मरायला लागू नये याची सोय.

ही केस वाचल्यापासून माझ्यात एक छोटा बदल झालाय, आजारी माणसाला भेटायला गेले की मी "काही हवंय का" एवढंच विचारून थांबत नाही, त्यांच्याकडे काहीतरी मागते. खोटं खोटं नाही, मला खरंच लागणारं. ओळखीतले एक काका आहेत, आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम केलेलं, आता अंथरुणाला खिळलेत, बोलणंही कमी झालंय, भेटायला गेलं की डोळे मिटून पडलेले असतात. मागच्या वेळी माझ्या कामाच्या मजकुराची चार पानं बरोबर नेली आणि म्हटलं, काका, उद्या द्यायचीत, जरा नजर टाकाल का. काकूंनी मला डोळ्यांनी दटावलं. काकांनी चष्मा मागितला. मग पेन मागितलं, लाल नव्हतं, निळ्याने काम भागवलं. पहिल्या पानावर दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ, एका ठिकाणी सुटलेला अनुस्वार, आणि तिसऱ्या पानावर एका लांबलचक वाक्याखाली रेघ मारून समासात प्रश्नचिन्ह. दीड तास लागला, मध्ये दोनदा थांबायला लागलं, पाणी प्यायले. पानं माझ्या हातात परत देताना त्यांनी ती उलटून बघितली, मागे अजून काही आहे का म्हणून.

"चारच?" ते म्हणाले. "पुढची कधी आणतेस?"